सामायिक दप्तराची खानेसुमारी

एखादी वस्तु हरवली हें कळण्यास ती आपल्यापाशीं होती हें आधीं ठाऊक असावें लागतें. घरांतील भांडीं, पेटींतील दागिने, कपाटांतील पुस्तकें यांविषयीं ही गोष्ट सर्वांस पटते. म्हणूनच भांड्यांवर नांवें घालण्याची आणि लग्नकार्यांत उसन्या आणलेल्या पातेल्यांची यादी ठेवण्याची चाल पडली. परंतु जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं आणि हातास लागत नाहीं, ती गेली तर तिची उणीव कोणास आणि केव्हां जाणवावी? आजच्या कारखान्यांतील, कचेऱ्यांतील आणि घरांतीलहि बरेंचसें धन याच प्रकारचें झालें आहे. तें संगणकांत असतें. आणि पुष्कळदां एकाच्या संगणकांत नसून अनेकांनीं मिळून वापरावयाच्या एका सामायिक फोल्डरांत असतें. अशा फोल्डरची समग्र यादी कशी करावी, हा आजचा विषय आहे.

सोलापुरांतील श्रोत्यांस चादरीचें उदाहरण सर्वांत जवळचें. सोलापुरी चादरीवरील फुलें, वेली आणि मोर जॅकार्ड यंत्राच्या साहाय्यानें विणले जातात. फ्रान्समधील ल्यों शहरचे जोसेफ मारी जॅकार्ड यांनीं १८०४ च्या सुमारास हें यंत्र सिद्ध केलें. चित्रकार प्रथम चौकटीच्या कागदावर नक्षी काढतो. तीवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांस भोकें पाडतात. मग त्या पट्ट्या क्रमानें ओवून त्यांची माळ मागावर चढवितात. बाण्याच्या एकेका फेकीस एक पट्टी पुढें येते. जेथें भोक असेल तेथें सुई आरपार जाते आणि तिच्याशीं जोडलेला आंकडा ताण्याचा धागा वर उचलतो. जेथें भोक नाहीं तेथें धागा खालींच राहतो. विणकराला प्रत्येक फेकीस विचार करावा लागत नाहीं. विचार आधींच झालेला असतो आणि तो पट्ट्यांत लिहून ठेवलेला असतो.

आधीं लिहून ठेवलेल्या आणि क्रमानें पार पाडल्या जाणाऱ्या आज्ञांच्या अशा मालिकेसच संगणकाच्या भाषेंत स्क्रिप्ट म्हणतात. हें साम्य केवळ कल्पनेंतलें नव्हे. इंग्लंडचे गणिती चार्ल्स बॅबेज यांनीं १८३० नंतरच्या दशकांत जें गणनयंत्र योजिलें, त्यास आज्ञा देण्याकरितां जॅकार्डच्याच पट्ट्यांची कल्पना घेतली होती. आणि अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारींत हर्मन हॉलरिथ यांनीं माणसांची मोजदाद केली तीहि भोकें पाडलेल्या पत्रांवरूनच. म्हणून संगणकाची आज्ञावली ही सोलापूरच्या मागाला अगदींच परकी नाहीं.

फरक पडला तो निराळ्याच ठिकाणीं. पट्ट्यांच्या माळा खुंटीला टांगलेल्या असत. एखादी माळ उंदरांनीं कुरतडली किंवा कोणी उचलून नेली तर रिकामी खुंटी दिसे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलें तेथें पुठ्ठा गेला आणि नक्षीची फाईल आली. समजा, अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतींत असा एक कारखाना आहे. नक्षीकाराची खोली, मागांचें दालन आणि हिशेबाची कचेरी या तिन्ही ठिकाणचे संगणक एकाच सर्व्हरवरील एका फोल्डरशीं जोडलेले आहेत. वीस वर्षांच्या नक्षी त्यांत आहेत. एके दिवशीं कोणाच्या तरी हातून आंतला एक फोल्डर पुसला जातो, किंवा माउस सरकल्यानें दुसऱ्याच फोल्डरच्या पोटांत जाऊन बसतो. रिकामी खुंटी कोठेंच दिसत नाहीं. सहा महिन्यांनीं गिऱ्हाईक जुन्या चादरीचा तुकडा घेऊन येतें, आणि तेव्हां शोधाशोध सुरू होते.

सामायिक फोल्डर म्हणजे काय, हें प्रथम पाहावें. विंडोजच्या जगांत एका संगणकानें दुसऱ्याच्या फायली मागण्याची जी भाषा रूढ आहे तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनींत झाला. या भाषेंत प्रत्येक फोल्डरला पत्ता असतो. आरंभीं दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचें नांव, पुन्हां एक रेघ, आणि मग फोल्डरचें नांव, जसें \\सर्व्हर\नक्षी. पाकिटावर आधीं गांव, मग पेठ आणि मग घर लिहावें, तसाच हा प्रकार.

त्या पत्त्यावर जाऊन माउसनें एकेक कप्पा उघडून पाहतां येतो. परंतु माउस एका वेळीं एकच कप्पा दाखवितो. शंभर कप्पे असतील तर शंभरदां उघडावें लागतें, आणि शेवटचा उघडीपर्यंत पहिल्यांतलें विसरलेलें असतें. यासाठीं आज्ञेची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उपयोगी पडते. रोमन लिपींतील डी, आय आणि आर हीं तीन अक्षरें टंकून त्यांपुढें फोल्डरचा पत्ता दिला कीं त्यांतील यादी समोर येते. या आज्ञेला शेपट्या जोडतां येतात. तिरपी रेघ आणि एस असें जोडल्यास ती पोटफोल्डरांतहि शिरते. बी जोडल्यास मथळे व बेरजा गाळून नुसते पूर्ण पत्ते देते. ए जोडल्यास लपविलेल्या फायलीहि मोजते. शेवटीं गणितांतील 'पेक्षां मोठें' हें चिन्ह आणि एका फाईलचें नांव लिहिलें म्हणजे यादी पडद्यावर न येतां त्या फाईलींत उतरते. हीच ओळ साध्या मजकुराच्या फाईलींत लिहून त्या फाईलच्या नांवास बीएटी हा प्रत्यय दिला कीं झाली स्क्रिप्ट. पुढें ती कितीहि वेळां चालवावी. पट्ट्यांची माळ एकदां ओवली म्हणजे चादरी कितीहि निघतात.

येथवर काम सोपें आहे. तथापि या यादींत कांहीं खांचखळगे आहेत, आणि ते न ओळखणारा मनुष्य अपुरी यादी पुरी समजून स्वस्थ बसतो.

पहिला खळगा लिपीचा. मराठी घरांतील आणि कचेऱ्यांतील पुष्कळ फायलींचीं नांवें मराठींत असतात. आज्ञेची खिडकी बहुधा रोमन अक्षरांच्या जुन्या कोष्टकावर बसविलेली असते. अशा वेळीं यादी फाईलींत उतरविली तर 'मोरनक्षी' या नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग येते. मूळ फाईलीस कांहींहि झालेलें नसतें. लिहिणाऱ्याला अक्षरें येत नव्हतीं, इतकेंच. यावर उपाय असा कीं, स्क्रिप्टच्या आरंभीं सी, एच, सी, पी ही आज्ञा ६५००१ या आंकड्यासह द्यावी. हा आंकडा यूटीएफ-८ या कोष्टकाचा आहे, आणि त्यांत देवनागरीला जागा आहे.

दुसरा खळगा लांबीचा. विंडोजमध्यें फाईलच्या पूर्ण पत्त्यास दीर्घकाळ २६० अक्षरांची मर्यादा होती. २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत ती उठविण्याची सोय झाली. पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि सर्वच कार्यक्रम तिला जुमानीत नाहींत. मराठी नांवांस ही मर्यादा अधिक लवकर जाचते, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हीं सर्व निरनिराळीं मोजतो. 'स्त्री' हें डोळ्यांस एक अक्षर. संगणकाच्या हिशेबीं तीं सहा होतात. फोल्डरच्या पोटांत फोल्डर घालीत गेल्यास खालचे कप्पे यादींतून निसटूं शकतात. अशा ठिकाणीं विंडोजमध्येंच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा घ्यावी. ती मुळांत प्रती काढणारी. परंतु तिला एल हें अक्षर जोडल्यास ती कांहीं न हलवितां केवळ यादी देते, आणि लांब पत्त्यांना अडत नाहीं.

तिसरा खळगा अधिकाराचा, आणि हाच सर्वांत फसवा. सर्व्हर प्रत्येकास सर्व कांहीं दाखवीत नाहीं. ज्याला ज्या फोल्डरांत प्रवेश नाहीं त्याला तो उघडतां येत नाहीं. आणि सर्व्हरवर तशी व्यवस्था केली असेल तर त्याचें नांवहि दिसत नाहीं. म्हणजे हिशेबाच्या कारकुनानें केलेली यादी ही फोल्डरची यादी नसून कारकुनाला दिसणाऱ्या भागाची यादी असते. खानेसुमारीचा कामगार वाड्याच्या बंद दारावरून परतला आणि वहींत 'येथें कोणी राहत नाहीं' असें लिहिता झाला, तर ती मोजदाद खोटी ठरेल. 'दार बंद होतें' असें त्यानें लिहिलें तर ती अपुरी खरी, पण प्रामाणिक राहील.

हा प्रामाणिकपणा पॉवरशेल या नव्या आज्ञाभाषेंत चांगला साधतो. मायक्रोसॉफ्टनें ती नोव्हेंबर २००६ मध्यें बाहेर आणली. तींतील गेट-चाइल्डआयटम या आज्ञेस रिकर्स हा शब्द जोडला म्हणजे ती तळापर्यंत जाते. फोर्स जोडल्यास लपलेल्या फायलीहि घेते. शिवाय प्रत्येक फाईलचा पत्ता, आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख अशा तीन रकान्यांत यादी मांडून ती एक्सेलमध्यें उघडेल अशा रूपांत देतां येते. मात्र जुन्या आवृत्तींत तेथेंहि यूटीएफ-८ असें स्पष्ट सांगावें, नाहीं तर पुन्हां प्रश्नचिन्हें. बंद दार लागलें कीं ही आज्ञा तांबड्या अक्षरांत तक्रार करते. पुष्कळ लोक या तक्रारींस कंटाळून त्यांचें तोंड बंद करणारी शेपटी जोडतात, आणि यादी स्वच्छ दिसते म्हणून समाधान मानतात. तसें करूं नये. तक्रारी निराळ्या फाईलींत उतरवून यादीच्या शेजारीं ठेवाव्या. कारण यादींत काय नाहीं हें तीच फाईल सांगते.

चौथी गोष्ट वेळापत्रकाची. स्क्रिप्ट दर रविवारीं रात्रीं आपोआप चालावी अशी योजना टास्क शेड्यूलरमध्यें करतां येते. पुष्कळांनीं सामायिक फोल्डरला झेड यासारखें एखादें अक्षर सोयीसाठीं दिलेलें असतें. परंतु तें अक्षर त्या मनुष्याच्या बैठकीपुरतें असतें. तो उठून गेल्यावर चालणाऱ्या कामास त्याची ओळख असेलच असें नाहीं. म्हणून स्क्रिप्टमध्यें नेहमीं पूर्ण पत्ता लिहावा. यादीच्या नांवांत तारीख घालावी, म्हणजे नवी यादी जुनीला पुसणार नाहीं. आणि यादी त्याच फोल्डरांत ठेवूं नये. घर जळालें तर घरांतली यादीहि जळते.

हा इशारा पोकळ नव्हे. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें दीडशेंहून अधिक देशांतील संगणक पछाडले. तिचा मार्ग एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या हाताळणींतील एका उणिवेंतून गेला होता. मायक्रोसॉफ्टनें त्या उणिवेवरील दुरुस्ती मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती लावली नाहीं ते सांपडले. फायलींना कुलुपें लागलीं आणि त्यांच्या नांवांना एक परका प्रत्यय चिकटला. अशा प्रसंगीं प्रत हीच खरी तारक. यादी म्हणजे माल नव्हे. यादीवरून चादर विणतां येत नाहीं. परंतु प्रतींतून सर्व कांहीं परत आलें कीं नाहीं, याची साक्ष आधींच्या रविवारची यादीच देऊं शकते. दोन याद्या समोरासमोर ठेवून फरक काढण्याचें कामहि आज्ञाच करते. पॉवरशेलमध्यें तिचें नांव कम्पेअर-ऑब्जेक्ट. मागच्या यादींत असून या यादींत नसलेलीं नांवें ती वेगळीं काढते, आणि न दिसणारी खुंटी तेथें प्रथम रिकामी दिसते. एवढ्यासाठींच ही खटपट.

ज्यांच्या घरीं कारखाना नाहीं त्यांनाहि हें लागू आहे. मुलांचीं छायाचित्रें, घराचीं कागदपत्रें, आजोबांच्या पत्रांच्या प्रतिमा असें सर्व साठविणारी लहानशी पेटी आतां घरगुती जाळ्यावरहि असते. अशा पेट्यांच्या आंत बहुधा लिनक्स असतें आणि सांबा या मोफत आज्ञावलीच्या योगानें तीं विंडोजशीं बोलतें. तेथें फाइंड ही आज्ञा हेंच काम करते. घरांतील जो कोणी पेटीचा कारभारी असेल, ज्याला सर्व कप्पे उघडतां येतात, त्याच्या नांवानें ही यादी महिन्यांतून एकदां करावी, आणि तिची एक छापील प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढें कारभारी बदलला, किंवा तो सांगावयास राहिला नाहीं, तर पेटींत काय होतें हें शोधण्याची पाळी मागच्यांवर येणार नाहीं.