इंजिनघर थंड पडले, आपली वाफ का टिकली?



आपल्या बेगडेवाडीवरून जाणारा पुणे-खंडाळा लोहमार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला. तेव्हापासून मावळच्या माणसाला वाफेचे इंजिन ठाऊक. 1929-30 मध्ये या मार्गावर विजेची इंजिने आली.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही असेच घडले. गिरणीला स्वतंत्र इंजिनघर असे. बॉयलरची वाफ दट्ट्या ढकली, दट्ट्या भलेमोठे चाक फिरवी आणि चाकावरचे दोर मजल्यामजल्यावरची यंत्रे चालवीत. पण कोळसा विकतचा, लांबून आणलेला. शिवाय काम झालेली वाफ थंड पाण्याने निववीत. तिची बहुतेक उष्णता पाण्यातच जाई. 1915 साली टाटांनी आपल्याच मावळातले पावसाचे पाणी लोणावळ्याहून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला नेऊन वीज केली. ती गिरण्यांना मिळाली आणि एकेक इंजिनघर थंड पडत गेले.

मग साखर कारखान्यातच वाफ का टिकली? कारण दोन. एक, इंधन उसाबरोबर येते. 100 टन उसामागे साधारण 28 ते 30 टन चिपाड, म्हणजे बगॅस, मिळते. त्यात निम्मे पाणी असले तरी 1 किलो चिपाडावर 2 किलोंहून जास्त वाफ होते. दुसरे, आपण वाफ दोनदा राबवतो. आधी ती टर्बाइन फिरवते आणि तीच उरलेली वाफ रस आटवते. गिरणीत जी उष्णता वाया जाई, तिच्यावर इथे साखर होते.

आता मुद्द्याचे. वाढ्यातल्या पाण्यात साखर नावापुरती, पण ते आटवायला वाफ लागतेच. माती जळत नाही. ती रोलर आणि बॉयलरच्या नळ्या झिजवते. पाचट जाताना थोडी साखर शोषून नेते. शिळ्या उसाचा उतारा घटतो. वजन वाढले म्हणून मोळीत पाचट-माती घालणे म्हणजे आपल्याच चुलीत पाणी ओतणे. चिपाड वाचले तर वीज होते, विकताही येते. कमी पडले तर बाहेरून इंधन घ्यावे लागते, आणि तो खर्च शेवटी आपल्याच दरातून जातो.

तेव्हा ऊस जमिनीलगत तोडावा, वाढे छाटावे, पाचट काढावे आणि तोडल्यापासून 24 तासांत गव्हाणीत पडेल असे पाहावे. तोडणी टोळीच्या मुकादमाला हे आपण स्वतः फडावर उभे राहून सांगावे, अशी आमची विनंती आहे.

— ऊस विकास विभाग