ढेकणांना ताप

भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूरमध्ये टॉवर उभे राहिले, पण ढेकूण काही चाळीतच थांबला नाही. सेकंडहँड सोफ्यातून, प्रवासाच्या बॅगेतून तो थेट लिफ्टनं वर जातो. स्वच्छतेशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला रक्त हवं.

पूर्वी खाट अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतत. विचार बरोबर होता. मोठा ढेकूण साधारण ४८ अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटांत मरतो. अंडी चिवट, तेवढ्याच तापमानाला त्यांना तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून हीट ट्रीटमेंटवाले हीटर आणि पंखे लावून खोली ५५ ते ६० अंशांवर नेतात आणि काही तास तशीच ठेवतात. खरी मेख गादीच्या पोटात आहे. कापूस सावकाश तापतो, त्यामुळे सेन्सर शिवणीत, बॉक्सबेडच्या कोपऱ्यात खुपसतात आणि तिथला आकडा चढला की मगच वेळ मोजतात. मेणबत्त्या, औषधं, स्प्रेचे डबे आधीच बाहेर.

मे महिन्यातलं ऊन का पुरत नाही? गादीची वरची बाजू भाजते, ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. औषधफवारणीचीही रड जुनीच: डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाई बेटांवर आढळले होते.

मात्र खोली थंड झाली की उष्णतेचा परिणाम मागे उरत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला ढेकूण वायरिंगच्या पाइपातून पुन्हा येऊ शकतो. तेव्हा लगतची घरंही त्याच वेळी तपासून घ्यावीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी कितीही नाक मुरडलं तरी.