‘मुळशी पॅटर्न’ आणि त्याचे प्रेक्षक: एक मागोवा

‘मुळशी पॅटर्न’ हा प्रवीण तरडे यांचा मराठी गुन्हेगारीपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन तरडे यांचे, नान्या भाईची भूमिकाही त्यांचीच. ओम भूतकरने राहुल्या साकारला, मोहन जोशींनी त्याचा बाप सखा पाटील आणि उपेंद्र लिमयेंनी पोलीस अधिकारी विठ्ठल कडू. कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मुळशीतला एक पाटील जमीन विकून बसतो. पैसा संपतो आणि जी जमीन कसली तिच्याच राखणीला वॉचमन म्हणून उभे राहण्याची पाळी येते. तिथूनही हाकलल्यावर कुटुंब पुण्यात येते. बाप मार्केट यार्डात हमाली करतो आणि पोरगा भाई होतो. या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची दोन मते पहिल्या आठवड्यातच पडली आणि ती आजवर जुळलेली नाहीत.

पुण्यातल्या बिबवेवाडीच्या प्रेक्षकाला यातले मार्केट यार्ड परके नव्हते. गुलटेकडीचा हा बाजार या उपनगराला खेटूनच आहे. गंगाधामच्या चौकात पहाटे उभे राहिले की कांद्या-बटाट्याचे ट्रक आत वळताना दिसतात. अप्पर-सुपर इंदिरानगरच्या वस्तीत बाजारावर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. गाळा, आडत, तोलाई, वाराई हे शब्द इथे रोजच्या बोलण्यातले आहेत. हमालाचे काम जवळून पाहिलेला माणूस एक गोष्ट जाणतो: पोते पाठीवर घेताना हमाल आधी मान खाली घालतो, मगच गुडघे सरळ करतो. सखा पाटलाच्या वाट्याला नेमकी हीच हालचाल आली आहे. दुसऱ्याने पिकवलेला माल तो वाहतो. शिवाय बिबवेवाडी स्वतःच एके काळचे गाव. शहर अंगावर आले तसे तिथल्या शेतांचे प्लॉट पडले, मग सोसायट्या झाल्या. मुळशीत जे झपाट्याने घडले ते इथे आधीच्या पिढ्यांत, तुलनेने संथपणे घडून गेले होते. त्यामुळे पडद्यावरचा जमीनव्यवहार इथे पुष्कळांना घरातल्या गोष्टीसारखा वाटला असला तर नवल नाही.

पहिले मत या जमिनीला धरून होते. चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांच्या लेखी तो गुन्हेगारीचा चित्रपटच नव्हता. तो शेतकऱ्याचा चित्रपट होता, गुन्हा हा फक्त त्याचा शेवट. मुळशी तालुक्याला जमीन जाण्याचा इतिहास जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला, तरी धरण झालेच. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आले, डोंगरात लवासा उभे राहिले, भूगाव-पिरंगुटच्या रस्त्याला बंगल्यांच्या स्कीम लागल्या. धरणाच्या वेळी जमीन हिसकावली गेली, या वेळी ती विकली गेली. विकणाऱ्याच्या दारात गाडी आली, गळ्यात सोनसाखळी आली आणि दहा वर्षांत दोन्ही गेल्या. तरडे मूळचे मुळशीचेच असल्याने हा तपशील त्यांना बाहेरून गोळा करावा लागला नाही. भाषेचा अस्सलपणा हा गुण तर विरोधकांनीही मान्य केला. भूतकरच्या कामाबद्दलही फारसे दुमत नव्हते. रंगभूमीवरून आलेल्या या नटाने राहुल्याचा संताप आरडाओरड्यापेक्षा नजरेतून दाखवला.

दुसरे मत कोयत्याला धरून होते. चित्रपट सांगतो की या वाटेने जाणारा मरतो, आणि राहुल्याही मरतो. पण तो मरेपर्यंतचे दोन तास त्याची चाल, त्याची टोळी, ‘अराररा’ गाण्याचा ठेका हे सगळे इतके देखणे आहे की पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यात शेवट राहतच नाही, अशी तक्रार पालकांनी आणि शिक्षकांनी केली. या तक्रारीत तथ्य आहे. जमिनीचा भाग पूर्वार्धात सावकाश मांडला आहे, तर हाणामारीला संगीत, वेग आणि टाळीची वाक्ये मिळाली आहेत. मोबाइलवर तुकडे कापले गेले ते उत्तरार्धाचे. सखा पाटलाच्या हमालीचे रील कुणी केल्याचे सहसा दिसत नाही.

पुण्याच्या गुन्ह्यावरचा चित्रपट पुणेकरांनी पहिल्यांदा पाहिला असे मात्र नव्हते. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर राजदत्त यांनी १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ केला होता, त्यात नाना पाटेकर होते. त्या हत्याकांडातले दोषी राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली होती. चित्रपट आला तेव्हा संध्याकाळीच कड्या लावून बसलेले पुणे प्रेक्षकांना नीट आठवत होते. त्यामुळे तो पाहणाऱ्याने स्वतःला खुन्याच्या जागी ठेवले नाही. तो मनाने कडीच्या आतल्या बाजूलाच होता. ‘मुळशी पॅटर्न’ने मात्र पुण्याचा गुन्हेगार आतून दाखवला, त्याला बाप दिला, गाव दिले, तक्रारही दिली. मतभेदाचे मूळ इथे आहे.

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘अंतिम’ हा हिंदी अवतार आला. मूळ चित्रपटात अभिनय केलेले महेश मांजरेकर त्याचे दिग्दर्शक होते. राहुल्या आयुष शर्माने केला आणि पोलीस अधिकारी सलमान खानने. गंमत म्हणजे मराठीत पोलीस असलेले उपेंद्र लिमये हिंदीत नान्या भाई झाले. मराठी प्रेक्षकांनी तुलना केली आणि बहुतेकांनी मूळ चित्रपटाच्या बाजूने कौल दिला. नायकपण बाप-लेकाकडून पोलिसाकडे सरकले की जमिनीची गोष्ट पार्श्वभूमी होऊन बसते, हे त्यामागचे मुख्य कारण. ज्यांना मूळ चित्रपट भडक वाटला होता त्यांच्यापैकीही काहींना त्याचा मातीचा भाग हिंदी पाहिल्यावर जाणवला.

दरम्यान चित्रपटाच्या नावाचा अर्थच बदलला. तरडे यांच्या मांडणीत ‘पॅटर्न’ म्हणजे जमीन विकणे, पैसा उडवणे आणि रिकाम्या हातांनी गुन्ह्याकडे वळणे, ही साखळी. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र ‘मुळशी पॅटर्न’ म्हणजे पाठलाग करून, भररस्त्यात, टोळक्याने केलेला खून. २०२२-२३ मध्ये शहरात कोयता गँगची दहशत गाजली. पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना खरेदीदाराची नोंद ठेवायला सांगितले. शेतात ऊस तोडायचे आणि नारळ सोलायचे हत्यार ओळखपत्र दाखवून घ्यावे लागण्याची वेळ आली. चित्रपटाकडे बोट दाखवणाऱ्यांची संख्या तेव्हा पुन्हा वाढली. टोळ्या चित्रपटाच्या आधीपासून होत्या, आणि कथा त्यांच्यावरूनच सुचलेली होती, हे त्या गदारोळात बाजूला पडले.

५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळ याची भरदिवसा गोळ्या घालून हत्या झाली. तो मूळचा मुळशी तालुक्यातला. हल्लेखोर त्याच्यासोबत वावरणाऱ्यांपैकीच होते, असे पोलिसांनी सांगितले. राहुल्याही आपल्याला वर आणणाऱ्या नान्या भाईवरच उलटतो, याची आठवण चित्रपट पाहिलेल्यांना त्या दिवशी झाली. मथळ्यांतही तेच दोन शब्द परत आले, पण त्यांच्याखालच्या बातमीत जमिनीचा उल्लेख क्वचितच होता.