दसऱ्याच्या आधी : ट्रॅक्टर-मोटारीच्या रंगाला घरच्या घरी पॉलिश
(ऊसविकास विभागाकडून)



बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या हे सोडून ऊसविकास विभागाने गाडीच्या रंगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण दसरा जवळ आला की मानवत परिसरात दारोदार ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली धुऊन पूजेला सज्ज होतात आणि पुढे थोड्याच दिवसांत यातलीच कितीतरी वाहने ऊस वाहतुकीला लागतात. या आठ दिवसांत रंगाची जेवढी खराबी होते, तेवढी शेतात वर्षभर राबूनही होत नाही, असे आमचे मत झाले आहे. खराबी करणारा बाहेरचा कोणी नसतो. हौसेने घासणारा मालकच असतो.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. हल्लीच्या मोटारीच्या पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाएवढी. त्यात वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. पुष्कळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर हा वरचा थर नसतोच, नुसता रंग असतो. आपल्या गाडीवर काय आहे ते कळायला सोपी खूण आहे. आडबाजूला पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासावे. फडक्याला रंग आला तर नुसता रंग, नाही आला तर वर पारदर्शक थर आहे असे समजावे.

आता मुद्द्याची गोष्ट. घासायचे पॉलिश किंवा कंपाऊंड रंगावर काही चढवत नाही, ते वरचा थर खरवडून काढते. उन्हाने वरची कातडी मरते, बोट फिरवले तर पिठासारखा रंग हाताला लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटचे हे व्हायचेच. ती मेलेली कातडी काढली की खालचा ताजा रंग चमकतो. पण काढलेला थर परत येत नाही. म्हणून दर दसऱ्याला कंपाऊंड मारणे म्हणजे व्याज सोडून मुद्दल खाणे.

पॉलिशच्या आधी धुणे, आणि निम्मे काम तिथेच आहे. कोरड्या फडक्याने धूळ झटकू नये. धुळीत मुरमाचे, वाळूचे कण असतात, तेच गोल गोल ओरखडे पाडतात. वरून भरपूर पाणी सोडून चिखल आपोआप उतरू द्यावा. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडके खळबळून काढायची. कपड्याची पावडर नको, गाडीचा शाम्पू बरा. उसाचा रस, मळी यांचे चिकट डाग कोमट पाण्याने भिजवले की सुटतात, साखरच ती. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढावी, ती रंग खाते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून गाडी उन्हात वाळू न देता जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने टिपून घ्यावी. फडके जमिनीवर पडले तर ते बाद, परत वापरू नये. डिझेल किंवा जळके ऑइल पुसून चमक आणण्याची खोड बऱ्याच जणांना आहे. ती चमक दोन दिवसांची. त्यावर धूळ बसते आणि रबरी भाग फुगतात.

ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो पॉलिशने जाणार नाही. गंज दिसला तर आधी तो घासून, अस्तर आणि रंग लावून घ्यावा.

हाताने पॉलिश करायचे तर सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. दीड-दोन फुटांचा चौकोन धरून हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी सौम्य पॉलिश वापरून पाहावे, भागले नाही तरच कंपाऊंड.

यंत्राच्या बाबतीत आम्ही जरा स्पष्टच लिहितो. वेल्डिंगच्या कामाचा ग्राइंडर पॅड लावून बॉनेटवर चालवू नये. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पॉलिशला हजार ते दोन हजार पुष्कळ झाले. एका जागी क्षणभर थांबला की रंग तापतो, मऊ होतो आणि कडांवर पत्रा उघडा पडतो, कारण कडेला थर मुळातच पातळ असतो. वेग कमी-जास्त होणारे पॉलिशिंग मशीन मिळाले तर घ्यावे. त्यातही फिरता फिरता डुलणारे, म्हणजे ऑर्बिटल, नवख्याला बरे. कडांना आणि स्टिकरला चिकटपट्टी लावावी, स्पंजचा पॅड सपाट धरावा, हात सतत चालता ठेवावा, मधून मधून तळहाताने पत्रा पाहावा. डोळ्यांना चष्मा हवा. ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्र चालवू नये.

शेवटी मेण. खरे रक्षण तेच करते. त्यात नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून काढतात. पण आपल्या उसाच्या कांडीवर, डोळ्याच्या आसपास जी पांढरी भुकटी असते, तीही मेणच बरं का! रसाबरोबर ते प्रेसमडमध्ये जाते, तिथून काढता येते आणि शुद्ध केल्यावर पॉलिशमध्येही वापरता येते. आपण मात्र ते प्रेसमडसकट शेतात टाकतो. असो. मेण अगदी पातळ लावावे, पाच-दहा मिनिटांनी धुरकट झाले की पुसावे. जाड लावून फायदा नाही. दर तीन-चार महिन्यांनी मेण दिले तर कंपाऊंडची पाळी फार क्वचित येते.

ट्रॉलीच्या मागचे लाल रिफ्लेक्टर आणि पट्ट्या यांना कंपाऊंड लावू नये, घासल्याने त्या निकामी होतात. साबणपाण्याने धुवाव्यात, फाटल्या असतील तर नव्या चिकटवाव्यात. रात्री पाथरीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली मागच्याला त्या पट्टीनेच दिसते, बॉनेटच्या चमकेने नव्हे.

पूजेनंतरचे हळदी-कुंकू कोरडे पुसू नये, पाण्याने धुवावे. हळदीचा डाग राहिला तर घासत बसू नये, चार दिवसांच्या उन्हाने तो आपोआप फिका पडतो.