गाडीतलं घर कोण बघणार?

बदलापूरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतो आहोत. आजचा विषय जुन्या गाडीचा आहे. गाडीही साधी नाही. तिच्यात शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि दोघी-तिघींना रात्री आडवं होण्यापुरती जागाही आहे.

परदेशात अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. आपल्याकडे कॅरॅव्हॅन हा शब्द रुळायला लागलाय. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर जाणारा ट्रक आठवा. शिधा, पातेली, तंबू, अंथरुणं, सगळं त्याच्यातच असतं. तमाशाचे फडही असेच गावोगाव फिरतात. आमच्या गटाकडे एक जुनी डिझेल ट्रॅव्हलर आहे, मागच्या सीट काढून ओटा बसवलेली. अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची यात्रा, टिटवाळ्याची अंगारकी, अशा ठिकाणी ती घेऊन आम्ही पिठलं-भाकरी आणि थालीपीठ विकायला जातो. उशीर झाला तर रात्री गाडीतच झोपतो.

अशा गाडीचे दोन भाग असतात. एक गाडीचा, एक घराचा. इंजिन, ब्रेक, क्लच गॅरेजवाला बघतो. पण छत गळतंय का, गॅसची नळी फुटलीय का, वायर तापतेय का, हे तो बघत नाही. ते त्याचं काम नाही. घर आपण वापरतो, तेव्हा घर आपणच बघायचं. आजचं सांगणं एवढंच आहे, आणि ते कसं बघायचं ते आता ऐका.

सुरुवात छतापासून. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मृग लागायच्या आधी महिनाभर छताची परीक्षा घ्यायची. एकीने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसरीने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. आधी खालच्या कडा आणि खिडक्या, मग वरचे सांधे. खालून वर का? वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. शिवाय पाणी जिथे टपकतं तिथेच शिरलेलं असतं असं नाही. पत्र्याच्या आतून वाट काढत ते हातभर लांब जाऊन टपकतं.

गळणारा सांधा सापडला की त्याच्यावर नुसता नवा थर थापू नका. जुना मसाला खरवडून काढा, जागा पुसून पूर्ण कोरडी करा, मग गाडीच्या कामाचा पीयू सीलंट भरा. आतल्या प्लायवर अंगठा दाबून बघा. मऊ लागला तर तो आतून कुजलाय, तेवढा तुकडा बदलायलाच हवा. प्लाय, फोम, रेक्झिन घ्यायला लांब जावं लागत नाही, उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळच आहे. आणि ताडपत्री गाडीला चिकटवून आवळू नका. आत दमट हवा कोंडते आणि पत्रा गंजतो. थोडी हवा खेळू द्या.

आता गॅस. व्यवसायासाठी घरगुती टाकी चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक टाकीच घ्यायची. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली जमिनीशी साठतो. म्हणून वरची खिडकी उघडी असून भागत नाही. टाकी ठेवतो त्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत आणि ती पोत्याने, बादलीने झाकली जाता कामा नयेत. टाकी नेहमी उभी, पट्ट्याने आवळून बांधलेली. नळी आयएसआय शिक्क्याची, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपायच्या आत बदललेली. गाडीत हादरे बसतात, त्यामुळे घरच्यापेक्षा इथे जोड लवकर सैल होतात. साबणाचा फेस करून जोडांवर लावा. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघायचं नाही. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करायचा. हा नियम ड्रायव्हरलाही पाठ हवा.

वास आला तर? दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. दारं उघडा, सगळ्या बाहेर या, आणि लांब गेल्यावर १९०६ या गॅसच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

पण ज्याला वासच नाही त्याचं काय? तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. डिझेल असो, कोळसा असो, गॅस असो, काहीही अर्धवट जळलं की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. म्हणून आमच्या गटाचा सगळ्यात कडक नियम आहे: गाडीत कुणी झोपलेलं असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, उकाड्यासाठी एसी हवा म्हणूनही नाही. थंडीत शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटती ठेवून दार लावायचं नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावायची. सायलेन्सरला भोक पडलं तर आवाज वाढला म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तोच धूर गाडीच्या तळातून आत येतो.

आता वीज. घरात मिक्सर चालतो तो २३० व्होल्टवर. ५०० वॉटचा मिक्सर तिथे जेमतेम दोन-सव्वादोन अँपिअर ओढतो. तोच मिक्सर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवला, तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमधून चाळीसहून जास्त अँपिअर जातात. बारीक वायर असेल तर ती तापते, तिचं आवरण वितळतं आणि आग लागते. म्हणून तिथली वायर जाड हवी, आखूड हवी आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य ताकदीचा फ्यूज हवा. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपलं काम केलं. त्याच्या जागी तार किंवा चांदी लावणं म्हणजे राखणदाराला हाकलून देण्यासारखं आहे.

घराच्या दिव्या-पंख्याला इंजिनची बॅटरी वापरू नका, वेगळी लावा. नाहीतर रात्रभर दिवे जळतात आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. एक स्वस्त मीटर घेऊन ठेवा. गाडी काही तास बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली गेली तर रिकामी समजा. इंजिन चालू असताना साधारण १४ दाखवलं पाहिजे. नसेल दाखवत, तर चार्जिंग होत नाही, आणि हे आपण आकड्यासकट गॅरेजवाल्याला सांगू शकतो.

वजनाचाही हिशोब मांडा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे तीन-चार बायका जास्तीच्या बसल्या. पाणी छतावर ठेवलं तर वळणावर गाडी झोलते. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखं. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आमच्यासारखी गाडी कमी पळते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. बाजूला बारीक तडे दिसले की टायर बदला. उभ्या गाडीला दर आठवड्याला अर्धा तास तरी पळवून आणा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद केल्याने बॅटरी भरत नाही.

बदलापूरकरांसाठी एक खास गोष्ट, ती म्हणजे पूर. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २०१९ च्या जुलैमध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उल्हास नदी चढायला लागली की आधी गाडी उंचावर न्या. तरीही पाणी शिरलंच, तर पाणी उतरल्यावर चावी फिरवायचीच नाही. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला दांडा वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. बॅटरीची आधी वजा बाजूची वायर काढा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.

जुनी गाडी विकत घेतानाही हे लक्षात ठेवा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. म्हणून सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ दिसेल. स्टेपनीच्या खाली, सीटच्या नटांवर गंज बघा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते तपासा. गाडीच्या मूळ रचनेत बदल केलेला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते. मंजुरी नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. आपलं आरटीओ कल्याणचं, एमएच ०५. व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि त्यानंतर दरवर्षी. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणीही हवी.

हे सगळं एकटीच्या डोक्यात राहत नाही, म्हणून आमच्याकडे गाडीची वही आहे. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. गाडी आली तेव्हा आम्ही तिच्यात सहावं सूत्र घातलं, नियमित तपासणी. फेरीआधी दोघींनी मिळून बघायचं आणि सही करायची. छत, गॅसचे जोड, फ्यूज, टायर, आग विझवायचं सिलेंडर. सही नसेल तर गाडी निघत नाही, मग यात्रा कितीही मोठी असो. प्रत्येक फेरीच्या कमाईतला दहावा हिस्सा गाडीच्या नावाने वेगळा ठेवतो. म्हणजे टायर बदलायची वेळ आली की कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

मैत्रिणींनो, गॅस कुठे गळतो ते शोधायला साबणाचं पाणी लागतं, छत बघायला पाइप आणि बॅटरी. त्याला कॉलेजची पदवी लागत नाही, पुरुषाची परवानगीही लागत नाही. ज्या घरात आपण रात्री डोळे मिटणार, ते दिवसा उघड्या डोळ्यांनी बघून घ्यायचं. तुमच्या गटाकडे टेम्पो असेल, रिक्षा असेल, दिंडीसाठी ट्रक ठरवणार असाल, तर येत्या बैठकीतच एक वही घाला. पहिल्या पानावर १९०६ लिहा.