राजाने मारले तर तक्रार कोणाकडे?

‘पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर तक्रार कोणाकडे करावयाची?’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. पाऊस आणि राजा या दोघांना तिने एकाच ओळीत बसविले आहे. अनियंत्रित राजेशाहीची व्याख्या पाठ्यपुस्तकातून घोकण्यापूर्वी या म्हणीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा, असे मला वाटते. पावसावर कोणाचा हुकूम चालत नाही आणि राजावरही चालत नाही. दोघांपुढे माणसाने फक्त हात जोडावयाचे.

युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत ज्या विचारांनी राजेशाहीचा पाया खचविला, त्यांना आपण ज्ञानोदयाचा विचार म्हणतो. परीक्षेच्या दृष्टीने हा विषय म्हणजे लॉक, माँटेस्क्यू, रूसो ही नावे आणि काही सनावळ्या. परंतु या सर्व विचारवंतांची धडपड आपल्या म्हणीतील प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच होती. राजाने मारले तर तक्रार कोणाकडे? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाच्या आधारे तो इतिहास, आणि त्यातला आपल्या वऱ्हाडचा भाग, पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सन १६२९ : दोन दरबार

अनियंत्रित सत्ता म्हणजे काय हे समजण्यासाठी फ्रान्सच्या चौदाव्या लुईपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव हे अहमदनगरच्या निजामशाहीतील मातब्बर सरदार, जिजाऊंचे वडील. १६२९ च्या जुलै महिन्यात दौलताबादच्या दरबारात निजामशहाच्या हुकमावरून त्यांना मारण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांचे मुलगे व नातूही मारले गेले. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, निवाडा नाही. एवढ्या मोठ्या सरदाराची ही गत, तर शेतकऱ्या-बलुतेदाराची काय कथा! या हत्येनंतर जाधवरावांच्या घरातील उरलेली माणसे आणि जावई शहाजीराजे यांनी निजामशाही सोडून मोगलांची वाट धरली. एका राजाचा जाच झाला तर दुसऱ्या राजाच्या आश्रयाला जावे, एवढीच ‘दाद’ त्या काळी उपलब्ध होती, आणि तीही ज्याच्यापाशी घोडे व तलवार होती त्यालाच.

योगायोग असा, की त्याच १६२९ च्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने आपली पार्लमेंट बरखास्त केली आणि पुढे अकरा वर्षे तिच्यावाचून कारभार केला. आपण केवळ ईश्वराला जबाबदार आहोत, असे त्याचे म्हणणे. फरक एवढाच, की तेथे तक्रार मांडण्याची एक जागा पूर्वीपासून होती आणि ती बंद केली म्हणून लोक चिडले. यादवी युद्ध झाले, १६४९ च्या जानेवारीत चार्ल्सवर खटला भरून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. राजावर खटला चालू शकतो, ही कल्पनाच युरोपला हादरवून सोडणारी होती. पुढे १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला पळ काढावा लागला आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविण्याचा किंवा कायदा स्थगित करण्याचा राजाचा अधिकार काढून घेतला.

कुंपणाने शेत खाल्ले तर?

या घडामोडींना तत्त्वज्ञानाचा आधार दिला तो जॉन लॉक याने. त्याचे म्हणणे आपल्या भाषेत असे सांगता येईल. गावकरी मिळून पिकाला राखणदार ठेवतात. राखणदाराचा अधिकार गावकऱ्यांनी दिलेला असतो. शेत काही त्याच्या मालकीचे होत नाही. तोच पीक खाऊ लागला तर त्याला काढून टाकण्याचा हक्क गावकऱ्यांना आहे. माणसाचे जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांचे रक्षण करण्यासाठी राज्यसंस्था निर्माण झाली. ती प्रजेच्या संमतीवर उभी आहे. राजाची सत्ता आकाशातून उतरत नाही, ती जमिनीतून वर येते, हा विचार आज आपल्याला साधा वाटतो. त्या काळी तो राजद्रोह होता.

माँटेस्क्यूने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसरा मुद्दा मांडला. कायदा करणारा, तो अमलात आणणारा आणि निवाडा देणारा हे तिघे वेगवेगळे असावेत. ज्याने पकडले त्यानेच न्याय करावयाचा आणि त्यानेच शिक्षा द्यावयाची, तर निर्दोष माणसाने जावे कोठे? रूसोने १७६२ मध्ये सार्वभौमत्व राजाच्या हातून काढून समग्र जनतेच्या हाती दिले. त्याच वर्षी फ्रान्समधील तुलूझ शहरात जाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या आरोपावरून हाल करून मारण्यात आले. व्हॉल्तेअरने लेखणी उचलली, पत्रे लिहिली, पुस्तिका छापल्या आणि १७६५ मध्ये तो निकाल रद्द करवून घेतला. न्यायालयानेच अन्याय केला तर तक्रार लोकमताकडे करता येते, हा धडा युरोपला त्यातून मिळाला.

केवळ पुस्तकांनी सिंहासने उलथत नाहीत, हेही खरे. फ्रान्सचा खजिना युद्धांनी रिकामा झाला होता. सरदार व धर्मगुरू बहुतेक करांतून मुक्त होते आणि १७८८ च्या नापिकीने पाव महाग झाला होता. १६१४ नंतर प्रथमच, १७८९ च्या मे महिन्यात, सोळाव्या लुईला तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली. त्या वेळी गावोगावच्या लोकांना आपली गाऱ्हाणी लिहून पाठविण्यास सांगण्यात आले. हजारो तक्रारवह्या भरल्या. मिठावरील कर, जमीनदाराची कबुतरे पीक खातात, वेठबिगार, असे त्यांतील विषय. शेकडो वर्षे हात जोडून उभा असलेला शेतकरी प्रथमच आपले दुःख कागदावर मांडत होता, आणि ज्ञानोदयाच्या विचाराने त्याच्या दुःखाला ‘हक्क’ हा शब्द दिला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला.

‘पण आपल्याकडे शिवछत्रपती झाले!’

हा आक्षेप वर्गातही नेहमी निघतो आणि तो रास्त आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या आपल्या लष्कराला पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, गवत, भाजी जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. त्या काळात जगातील फार थोड्या राजांनी असा विचार केला असेल. परंतु ती ताकीद पाळली गेली ती महाराज होते म्हणून. राजा चांगला नसेल तर काय, या प्रश्नाला राजेशाहीपाशी उत्तर नव्हते. ज्ञानोदयाचा विचार सुरू होतो तो येथून. चांगल्या राजाची वाट न पाहता, वाईट राजालाही वाईट वागता येणार नाही अशी व्यवस्था करावयाची.

वऱ्हाडचा पुढचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १७२४ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामाचे राज्य (लखुजींना मारणाऱ्या निजामशाहीहून हे वेगळे) उभे राहिले. पुढे भोसले व निजाम यांचा दुहेरी अंमल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानात इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांनी सोडला आणि इंग्रजांनी तो निजामाला देऊन टाकला. १८५३ मध्ये निजामाच्या देशात ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड पुन्हा आपल्या ताब्यात घेतले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते सालिना २५ लाख रुपयांवर कायमचे पट्ट्याने घेतले.

पट्टा! शेत मक्त्याने द्यावे तसा आपला मुलूख मक्त्याने दिला गेला. या सबंध देवघेवीत एकदाही वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले नाही. आणि हा व्यवहार करणारे लॉकच्या देशातले लोक होते. प्रजेच्या संमतीचे तत्त्व त्यांनी समुद्रापलीकडे आणले नाही. खुद्द लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. फ्रान्समध्येही हक्कांच्या जाहीरनाम्यात स्त्रिया कोठे आहेत, असे १७९१ मध्ये विचारणाऱ्या ओलांप द गूज हिला दोन वर्षांनी गिलोटिनवर चढविण्यात आले. तेव्हा या विचारांची पूजा करण्याचे कारण नाही. ते ज्यांनी मांडले त्यांच्याहून ते मोठे होते, एवढेच म्हणता येईल.

म्हणूनच ज्यांना त्यातून वगळले होते त्यांनीच ते हाती घेतले. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधील शतपत्रांत हिंदुस्थानात पार्लमेंट असावे असा विचार मांडला. महात्मा फुले यांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला आणि त्यातील प्रश्न राजापुरता न ठेवता जातिव्यवस्थेला विचारला. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपल्या अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी रूढीच्या राजवटीविरुद्ध बुद्धीचा कौल मागितला. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणावरील लिखाणाबद्दल टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. वृत्तपत्र हीही तक्रारीची एक जागा आहे, हे त्यांनी शिक्षा भोगून सिद्ध केले.

एका राजाने तर हे आपण होऊन मान्य केले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना मंजूर करून आपल्या ७२ गावांच्या छोट्या संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींवर उभारलेल्या विधिमंडळाकडे सोपविली. हैदराबादच्या निजामाला मात्र ते सुचले नाही. तेथील लोकांना लढा द्यावा लागला आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने ती राजवट संपली.

उत्तर मिळाले, पण...

२६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेने म्हणीतील प्रश्नाला सरळ उत्तर दिले. अनुच्छेद ३२ प्रमाणे मूलभूत हक्कांवर आक्रमण झाले तर कोणाही नागरिकाला सर्वोच्च न्यायालयात जाता येते, डॉ. आंबेडकरांनी या अनुच्छेदाला घटनेचे हृदय आणि आत्मा मानले. अनुच्छेद २२६ प्रमाणे उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. आपल्याला ते नागपूर खंडपीठात आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर सरकारला तीस दिवसांत उत्तर देणे भाग पाडले आहे. इतकेच काय, पावसाने झोडपले तरी तलाठ्याने पंचनामा करावा असे मागता येते. म्हणीचे दोन्ही अर्धे भाग कागदावर तरी खोटे ठरले आहेत.

परंतु भाषा जुनीच राहिली आहे. अर्ज लिहावयास बसलो की अजूनही ‘मायबाप सरकार’ हे शब्द लेखणीतून उतरतात. साहेबाच्या खोलीबाहेर चप्पल काढणारा म्हातारा आपल्या संग्रामपुरात आजही दिसतो. मायबापापुढे हट्ट करता येतो, रडता येते. हिशेब मागता येत नाही. खारपाणपट्ट्यातील एखादे गाव गोड्या पाण्यासाठी निवेदन देते, तेव्हा ते भीक मागत नसते; राखणदाराला त्याच्या कामाची आठवण देत असते. हा फरक आपल्या अर्जात उमटला पाहिजे.

शिकलेल्या मुलामुलींना गावात अर्ज लिहून देण्याचे काम नेहमीच येते. पुढच्या वेळी कोणी आजोबा कोरा कागद पुढे करतील, तेव्हा ‘मायबाप’ वगळून ‘मी या गावचा नागरिक’ अशी सुरुवात करावी, आणि ती का केली हे आजोबांना समजावून सांगावे. लॉक आणि रूसो यांचा एवढा अभ्यास झाला, तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला असे मी समजेन.