संगणकातला दप्तरखाना

दिवाळीच्या आधी घराची आवराआवर चालली आहे, अशी कल्पना करा. माळ्यावरून पत्र्याची एक जुनी ट्रंक खाली उतरते. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. आत आजोबांना आलेली पोस्टकार्डे आहेत, तारेत टोचून ठेवलेली. त्यातले १९६२ सालचे एक कार्ड तुम्ही हातात घेता. शाई विटली आहे, एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. पण मजकूर मात्र तुम्ही उभ्या उभ्या वाचून काढता.

त्याच ट्रंकेच्या तळाशी काळ्या प्लॅस्टिकची एक चौकोनी चकती सापडते. तिच्यावर काकांच्या अक्षरात लिहिले आहे, 'पत्रे, १९९८'. ही फ्लॉपी. दिसायला ती अगदी नवी आहे, एक ओरखडासुद्धा नाही. पण ती डोळ्यांनी वाचता येत नाही आणि ती ज्यात सरकवायची ते यंत्र घरातल्या कोणत्याच संगणकाला नाही. साठ वर्षांपूर्वीचे कार्ड बोलते आणि त्याच्या निम्म्या वयाचीही नसलेली चकती मुकी! असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ काकांच्या पत्रांचा नाही. तुमचे विज्ञान प्रकल्प, सहलीची छायाचित्रे, मावशीने परगावाहून पाठवलेले ईमेल, हे सारे आज संगणकात आणि मोबाइलमध्ये आहे. आणखी तीस वर्षांनी ते वाचता येईल काय?

नऊशे वर्षांचे पुस्तक, पंधरा वर्षांची तबकडी

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८५ साली आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची पाहणी करण्याचा हुकूम सोडला. १०८६ साली कातड्यावर लिहिली गेलेली ही नोंद 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. आज ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि लॅटिन जाणणारा माणूस ती अजूनही वाचू शकतो.

या पुस्तकाला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ साली बीबीसीने तशीच एक नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला. त्यांत हजारो शाळांमधली मुले होती. आपल्या गावात दुकाने किती, घरी जेवायला काय असते, सुट्टीत आपण काय खेळतो, असे त्यांनी लिहून पाठवले. हा मजकूर, नकाशे आणि छायाचित्रे लेसर किरणाने वाचल्या जाणाऱ्या दोन मोठ्या तबकड्यांवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षे गेली. तबकड्या शाबूत होत्या. पण त्या वाचणारी खास यंत्रे बहुतेक मोडीत निघाली होती. कातड्यावरचे बुक नऊशे वर्षे टिकले, आणि त्याचा आधुनिक भाऊ विशीही गाठण्याआधीच मुका होऊ लागला!

सुदैवाने लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी २००२ साली एक युक्ती दाखवली. नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. नाटकातला नट जसा राजाचे सोंग घेतो, तसाच हा प्रकार. पुढे २०११ साली बीबीसीने मुलांनी लिहिलेला मजकूर इंटरनेटवर आणला. ते संकेतस्थळही २०१८ साली बंद झाले आणि त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने जपली. म्हणजे बत्तीस वर्षांत त्या मजकुराला पुन्हा पुन्हा घर बदलावे लागले. ज्या ज्या वेळी कोणी तरी काळजी घेतली, त्या त्या वेळी तो वाचला.

साखळीच्या तीन कड्या

संगणकातला मजकूर आपल्यापर्यंत पोचतो तो तीन कड्यांच्या साखळीतून. पहिली कडी म्हणजे ज्यावर तो लिहिला आहे ती वस्तू: चकती, पेनड्राइव्ह वगैरे. दुसरी कडी म्हणजे ती वस्तू वाचणारे यंत्र. तिसरी कडी म्हणजे संकेत, अर्थात कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते अक्षर हे सांगणारा तक्ता. यांतली एक कडी तुटली, की उरलेल्या दोन कितीही भक्कम असोत, उपयोग नाही.

पहिली कडी झिजते. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. एखादा धक्का बसला, की टोक तबकडीवर घासते. पेनड्राइव्हमध्ये मजकूर विद्युतभाराच्या रूपाने कोंडलेला असतो आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू पाझरतो. दुसऱ्या कडीचे काय होते, ते आपण पाहिलेच.

तिसरी कडी आपल्या फार जवळची आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले जुने कागद आहेत. त्यांचे हजारो रुमाल! कागद चांगले आहेत, शाई ठळक आहे, भाषाही मराठीच आहे. तरी तुम्हा-आम्हाला ते वाचता येत नाहीत, कारण ते मोडी लिपीत आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा ते सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. जुन्या संकेतातून नव्या संकेतात मजकूर आणण्याचेच हे काम होते.

संगणकात तर असे वरचेवर घडते. १९९० च्या दशकात मराठी टंकांना एकच सामाईक तक्ता नव्हता. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. १९९१ साली युनिकोड हा जागतिक तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या 'क' ला २३२५ हा क्रमांक आहे. आजच्या फाइलमध्ये हा 'क' बहुधा २२४, १६४, १४९ अशा तीन आकड्यांनी लिहिला जातो. तक्ता ठाऊक असेल, तर या तीन आकड्यांचा 'क' होतो. नसेल, तर तीन भलतीच चिन्हे उमटतात! म्हणून जपायचा मजकूर साध्या आणि सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात ठेवावा: लेखन युनिकोडमधल्या साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफ फाइलमध्ये, छायाचित्रे जेपेगमध्ये.

नाव आणि जागा

मजकूर शाबूत आहे, पण सापडत नाही, तर तो असून नसल्यासारखा. 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचे', 'खरोखर शेवटचे' अशी नावे तुम्हीही दिली असतील. सहा महिन्यांनी त्यांतले खरे शेवटचे कोणते, हे तुम्हालाच सांगता यायचे नाही.

संगणक नावे कशी लावतो ते पाहा. अनेक प्रोग्रॅम डावीकडून एकेक चिन्ह जुळवत जातात. म्हणून 'धडा १०' हा 'धडा २' च्या आधी येतो, कारण १ हे चिन्ह २ च्या आधीचे. 'धडा ०२' असे लिहिले, की रांग सरळ होते. तारखेचेही तसेच. '१५-०८-२०२४' असे लिहिल्यास सगळ्या वर्षांतल्या पंधरा तारखा एकत्र येतात. 'वर्ष-महिना-दिवस' या क्रमाने '२०२४-०८-१५' असे लिहिले, की फाइली आपोआप कालक्रमाने उभ्या राहतात. हाच क्रम १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरवला गेला. तारखेपुढे दोन-तीन शब्दांत विषय लिहा: '२०२४-०८-१५ शाळा ध्वजवंदन'. फोल्डर मात्र थोडेच असू द्यात. दहा पेट्यांत एकेक पेटी ठेवली, तर शोधताना दहा कुलपे उघडावी लागतात.

ईमेलची पेटी

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाला पत्र पाठवले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये लिहायचे 'ॲट' हे चिन्ह त्यानेच निवडले. ईमेल मुळात साधा मजकूरच आहे. वर कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय अशा ओळी, मग एक कोरी ओळ, मग पत्र. मग पेटी इतकी भरते कशाने?

जोडलेल्या छायाचित्रांमुळे! ईमेलची रीत ठरली ती साधी अक्षरे वाहून नेण्यासाठी. म्हणून छायाचित्राचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलून पाठवतात. त्यामुळे तीन एमबीचे चित्र प्रवासात सुमारे चार एमबीचे होते. तेव्हा महत्त्वाचे चित्र काढून घेऊन नीट नाव देऊन आपल्या फोल्डरात ठेवावे. पुष्कळदा उत्तरांच्या माळेत शेवटच्या पत्रात आधीची सगळी पत्रे खाली आलेली असतात. तेवढे एक ठेवले तरी चालते. पण आधी खात्री करावी. जोडलेल्या फाइली मात्र उत्तराबरोबर सहसा येत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ईमेल आपल्या घरी नसते, दूरच्या दुसऱ्याच्या संगणकावर असते. फार काळ न वापरलेली खाती काही सेवा बंद करतात. म्हणून जपायची पत्रे वर्षातून एकदा आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत.

एक प्रत म्हणजे एकही नाही

'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना, १९९८ साली, एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बऱ्याचशा फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रत होती. पण ती नीट होत नव्हती, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. घरी लहान बाळ असल्यामुळे गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिका घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिनेच त्या वेळी सर्वांना तारले.

यावरून जाणकारांचा 'तीन-दोन-एक' हा नियम पटतो. प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक आत्याच्या घरी किंवा इंटरनेटवर. मात्र मोबाइल आणि इंटरनेट यांचा आपोआप मेळ घालणारी सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकीकडे पुसले, की तिकडेही पुसले जाते!

करून पाहा

येत्या रविवारी एक तास काढा. घरच्या संगणकावरून किंवा मोबाइलमधून, मोठ्यांना विचारून, गमावल्यास सर्वांना वाईट वाटेल अशा फक्त वीस फाइली निवडा. त्यांना तारखेसह नावे द्या. त्यांच्या आणखी दोन प्रती करा. मग प्रत्येक प्रतीतली निदान एक फाइल उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत धरू नका. शेवटी साध्या कागदावर लिहा, 'काय, कुठे, केव्हा ठेवले', आणि तो कागद घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत हीच तपासणी पुन्हा करा.

कागद ट्रंकेत टाकून विसरला, तरी पुष्कळदा टिकतो. संगणकातला मजकूर विसरला, की गेलाच. आणि काकांची ती चकती? ती टाकून देऊ नका. फ्लॉपी वाचणारी यंत्रे अजून कोठे कोठे आहेत. बाहेरून जोडायचेही मिळते. ते यंत्र मिळवा आणि चकतीवरची पत्रे लवकर उतरवून घ्या. काका ती पुन्हा वाचतील, तेव्हा शेजारी बसून ऐका.